बांधावरचा तरवड

२६ फेब्रुवारी २०२३

तरवडाच्या शेंगा वाळून खडखडीत झाल्यात. मोहोळच्या अलीकडं ओढ्याच्या काठाला काही जुनी झुडपं अजून तग धरून आहेत. तिथून आज पिशवीभर शेंगा आणल्या. शेंग चपटी, कागदी, फिक्या तपकिरी रंगाची. आत जिथं जिथं बी आहे तिथं बाहेरून फुगवटा दिसतो. तळहातावर चुरली की फोलपट उडून जातं आणि बिया हाती राहतात.

दादाच्या शेताला वरच्या अंगानं लांब बांध आहे. माझ्या लहानपणी त्यावर तरवड, बोराटी, घायपात अशी दाटी होती. उसाचं क्षेत्र वाढलं तसा बांध दोन्ही बाजूंनी तासला गेला. आता त्यावरून धड चालताही येत नाही. आमच्या भागात गावोगाव हेच झालंय. येत्या पावसाळ्याआधी दादा तो बांध पुन्हा भरून घेणार आहे. त्यावर तरवडाची ओळ लावू, असं मी म्हटलं. वहिनी म्हणाली, "ताई, फुकट उगवणारं झाड कुणी लावतं का?" उगवत होतं तोवर तिचं बरोबरच होतं. आता त्या बांधावर बी पडायलाच झाड उरलेलं नाही.

१४ मे २०२३

सोलापुरातल्या दोन-तीन नर्सऱ्यांत चौकशी केली. तरवडाचं रोप कुणाकडंच नाही. "पिवळं फूल पाहिजे ना? टेकोमा घ्या," असं सगळीकडं उत्तर. टेकोमा अमेरिका खंडातून आलेला. वाईट झाड नाही, पाणीही फार मागत नाही. बोगनवेल आणि कण्हेरही तशीच चिवट. पुणे-सोलापूर रस्त्याच्या दुभाजकात कण्हेर भर उन्हातही फुललेली असते. पण तिचा सगळा भाग विषारी. ज्या बांधावर शेळ्या-करडं फिरतात तिथं मी ती लावणार नाही.

तरवडाला शेळी सहसा तोंड लावत नाही आणि तो विषारी म्हणूनही कुणी हाकलत नाही. चराऊ रानात सगळं खाल्लं गेलं तरी तरवड मागं उरतो तो म्हणूनच. आमच्याकडं त्याला कुणी लावलेलं नाही, राखलेलं नाही, तरी दुष्काळात पिवळाधमक दिसतो तो एवढाच. माझ्या मते नर्सरीत पहिली जागा त्याची असायला हवी.

२९ मे २०२३

पिशव्या भरल्या. दोन वाटे मुरूम, एक वाटा माती, थोडं शेणखत. यापेक्षा सकस माती देण्यात अर्थ नाही. सकस मातीत रोप लुसलुशीत वाढतं आणि बांधावर गेल्यावर माना टाकतं.

बियांचं कवच फार टणक असतं. नुसती पेरली तर काही उगवतात आणि बाकीच्या पुढच्या पावसाची, त्याच्याही पुढच्या पावसाची वाट बघत मातीत पडून राहतात. दुष्काळी भागातल्या झाडाला हे शहाणपण लागतंच. एक पाऊस लबाड निघाला तरी सगळं बियाणं वाया जात नाही. पण पिशवीत सगळी रोपं एकदम हवीत, म्हणून सुताराच्या पॉलिश पेपरवर बिया एका बाजूनं हलक्या घासल्या. वरची चकाकी जाऊन खालचा फिका रंग दिसला की थांबायचं. मग रात्रभर पाण्यात. सकाळी ज्या टम्म फुगल्या त्या पेरल्या. ज्या तशाच राहिल्या त्या पुन्हा घासून दुसऱ्या रात्री भिजत टाकल्या. काही जण उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बिया टाकतात, त्यानंही काम होतं. पण हातात घासलेल्या बीवर माझा जास्त भरवसा आहे.

९ जून २०२३

पिशव्यांतून हिरवे कोंब वर आले. मृग लागला, आभाळ मात्र कोरडं. पावसाळी वारंसुद्धा नाही.

२८ जून २०२३

मृग कोरडा गेला. आर्द्रात, तीन-चार दिवसांपूर्वी, पहिला खरा पाऊस आला. बांध भरून झालाय. आज ओळ धरली. अर्ध्या बांधावर पिशवीतली रोपं लावली, उरलेल्या अर्ध्यावर घासलेल्या बिया जागच्या जागी टोकल्या. दोन रोपांत साधारण चार हात अंतर. तरवड पुरुषभर, कधी त्याहून उंच होतो आणि बुडापासून फाटे फोडतो. दाट लावला तर दोन वर्षांत खालची पानं उन्हावाचून गळतात आणि नुसत्या काड्या दिसतात.

दादानं प्रत्येक रोपाला मोठं आळं करायला घेतलं होतं. मी ते उताराच्या बाजूनं फोडायला लावलं. पाणी यावं आणि निघून जावं. साचलं तर मूळ कुजतं. या झाडाला दोनच गोष्टी मारतात, सावली आणि तुंबलेलं पाणी. चिबड रानात ते कधी दिसणार नाही.

२३ जुलै २०२३

टोकलेल्या बियाही उगवल्यात. दिसायला पिशवीतल्या रोपांपेक्षा लहान. पण एक रोप मुळासकट उकरून बघितलं. वर चार बोटंसुद्धा वाढ नाही आणि खाली सोटमूळ वीतभर उतरलेलं. पिशवीतलं मूळ तळाशी पोचून वळतं, ते सरळ व्हायला वेळ लागतो. पुढं कुणाला सांगायचं झालं तर हेच सांगेन. बांधावर बीच टोका.

गावातले एक गृहस्थ म्हणाले, "शेंगवर्गातलं झाड आहे, जमिनीत नत्र धरेल." उकरलेल्या मुळावर एकही गाठ नव्हती. आणि असणारही नव्हती. तूर, भुईमूग, शेवरी यांच्या मुळांवर गाठी धरतात, पण टाकळा आणि तरवडाच्या कुळात त्या धरत नाहीत. तरवडाचा जमिनीला उपयोग आहे, तो पाल्याचा. दक्षिणेत भाताच्या खाचरांत तरवडाचा हिरवा पाला तुडवतात, खारवट जमिनीतही घालतात. त्यासाठी तरवड लावावा. नत्रासाठी लावून निराश होऊ नये.

३१ ऑगस्ट २०२३

अख्खा महिना कोरडा. रेडिओवर सांगत होते की १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आमच्याकडं ते सांगायला रेडिओची गरज नव्हती. तूर खुरटली, मका करपला.

लहान रोपांना मी आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी घालतेय, तेही संध्याकाळी आणि बुंध्यापासून हात राखून. पाणी जवळ ओतलं की मूळ वरच्या वरच घुटमळतं. थोडं लांब आणि सावकाश दिलं तर ते शोधत खाली जातं. पुढच्या पावसाळ्यानंतर हेही बंद. ठिबकची नळी एका जोडाला गळते तिथली रोपं पिवळी पडली आहेत. त्यांच्यापासून पाच पावलांवर, तडकलेल्या मुरमात, बाकीची रोपं हिरवीगार. दादाला नेऊन दाखवलं. तो बराच वेळ खाली बसून बघत होता. मग उठून त्यानं नळीचा जोड बांधला.

दुपारी पानं थोडी मिटतात ते पाणी कमी पडलं म्हणून नव्हे. संध्याकाळीही जोडीतली पानं एकमेकांना लागून झोपतात, सकाळी उघडतात. झाडाची ती रोजची रीत आहे. तहान लागली की आधी खालची जुनी पानं पिवळी होऊन गळतात. पाणी द्यायचं तेव्हा द्यावं.

१४ ऑक्टोबर २०२३

आज सर्वपित्री. सकाळी शेजारच्या अक्का दारात. त्यांचं घराणं पद्मशाली, सासरे तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले ते इथलेच झाले. "ताई, तंगेडू मिळंल का हो? बाजारात झेंडू लई हाय, तंगेडू कुठंच नाही." तंगेडू म्हणजे तरवड. आजपासून त्यांची बतुकम्मा. ताटात फुलांचे थर गोल रचत वर चढवत न्यायचे, शिखरावर हळदीची गौरम्मा बसवायची आणि बायकांनी टाळ्या देत भोवती फेर धरायचा. शेवटच्या दिवशी ती पाण्यात सोडायची. त्यात तंगेडू आणि गुनुगु, म्हणजे आपला रानकोंबडा, ही दोन फुलं मुख्य. तेलंगणाचं राज्यफूलही तंगेडूच.

आमच्याकडंही उद्या घट बसतील. वहिनी घटाला रोज माळ चढवते, तीत तरवडाचं फूल असायला लागतं. तिच्याही परडीत आता बाजारचा झेंडूच जास्त. आमच्या बांधावरची रोपं अजून गुडघ्याएवढीही नाहीत. ओढ्याच्या जुन्या झुडपांवरून अक्कांना ओंजळभर फुलं आणून दिली. "पुढच्या सालाला जास्ती आण," म्हणाल्या.

२१ जानेवारी २०२४

उजनी उणे साठ्यात गेली. जानेवारीतच. शेतात ठिबक बंद. तरवडाचं पाणी मी आधीच तोडलंय. वाढ थांबली आहे, पण पानं तजेलदार आहेत.

९ मार्च २०२४

शेजारच्या रानातल्या पाचटाची आग वाऱ्यानं बांधावर आली. जवळजवळ सगळी ओळ होरपळली. काही रोपांच्या काळ्या काड्या उभ्या, काहींचं जमिनीवर काहीच उरलं नाही. बघून पोटात तुटलं. शेजाऱ्यानं येऊन हळहळ व्यक्त केली, पण दर वर्षी पाचट पेटवणं काही तो थांबवणार नाही. पाचट कुट्टी करून जमिनीत गाडलं तर ओल टिकते, सेंद्रिय खत मिळतं. हे सांगणारे भरपूर आहेत. कुट्टीचं यंत्र आणि मजुरी यांचे पैसे कुठून आणायचे हे सांगणारा कुणी नाही. आग लावणाऱ्याला नुसता दोष देऊन बांध वाचणार नाहीत.

दादा म्हणाला, "काड्या उपटून टाकू, जूनमध्ये नवीन लावू." मी नको म्हटलं. एका बुंध्याची साल नखानं खरवडली. जमिनीलगत, दोन बोटं खाली, अजून ओलसर हिरवी होती. कोळसा झालेल्या काड्या कात्रीनं वीतभर राखून कापल्या. मुळाला हात लावला नाही.

शेळ्या घेऊन जाणारे मामा थांबले. त्यांच्या थोरल्यांच्या काळात मोटेचं कातडं कमवायला बाभळीबरोबर तरवडाची साल न्यायचे, म्हणाले. सालीसाठी लोक फाटे बुडातून तोडायचे, झाड परत फुटायचं, परत तोडायचे. ते खरंच. तरवडाच्या सालीत टॅनिन भरपूर, पंधरा ते वीस टक्क्यांच्या घरात. मद्रास इलाख्यातून इंग्लंडला जाणारं कातडं मोठ्या प्रमाणावर याच सालीनं कमावलेलं असे. पुढं वॅटलची साल आणि रसायनं आली आणि तरवड त्या धंद्यातून सुटला. इतकी वर्षं बुडातून कापून घेत राहूनही जे संपलं नाही ते एका आगीनं संपेल असं मला वाटत नाही.

५ मे २०२४

पारा ४३ च्या वर. बांधावर काही नाही. उजनीचं पाणी आणखी खाली गेलंय. टँकर सुरू झालेत. तरवडाला घालायला पाणी नाही आणि असतं तरी घातलं नसतं, माणसांना कमी आहे.

१५ जून २०२४

यंदा पाऊस वेळेवर, मृगातच आला. आणि तरवड फुटला! एकेका बुंध्यातून चार-चार, पाच-पाच धुमारे, लालसर शेंड्यांचे. आधी एकच सरळ काडी होती तिथं आता झुडूप होणार. जी खरोखर गेली त्यांत बहुतेक पिशवीतून लावलेली आहेत. टोकलेल्यांतली अगदी थोडी. मूळ जितकं खोल, तितका आगीचा धक्का कमी, एवढंच त्याचं कारण.

धुमाऱ्यांतले बारीक आणि आत वळलेले काढून टाकले, बाहेर तोंड असलेले ठेवले. रिकाम्या जागी पुन्हा बिया टोकल्या. खत नाही.

१८ ऑगस्ट २०२४

उजनी भरली. आणि बांधावर पहिला तुरा फुलला.

सकाळी आठच्या सुमाराला झुडपाजवळ बसून राहिले. फूल जवळून बघण्यासारखं असतं. पाच पाकळ्या, कडांना चुण्या, पिवळ्यावर नारिंगी शिरा. मधोमध दहा पुंकेसर, पण सगळे सारखे नाहीत. वरचे तीन वांझ, त्यांत पराग नसतो. खालचे लांब, वाकडे, तपकिरी झाक असलेले. या फुलात मध नाही. परागकोश उभा उकलत नाही, फक्त टोकाला बारीक भोक असतं. मग पराग बाहेर येणार कसा?

तेवढ्यात काळा भुंगा आला, लाकूड पोखरणारा तो मोठा. फुलावर उतरला, पायांनी केसरांचा झुबका आवळला आणि पंख न हलवता अंग थरथरवलं. उडतानाचा आवाज जाड होता, हा एकदम बारीक, तीव्र. त्या थरथरीनं टोकाच्या भोकातून परागाची पिवळी धूळ उडाली आणि त्याच्या पोटावर, बगलेला बसली. दोन-तीन झटके, की पुढचं फूल. लहान माश्याही येत होत्या, पण सांडलेलं गोळा करून जात होत्या. फळ धरायला हा दांडगा भुंगाच लागतो. त्याला घर करायला वाळकं लाकूड हवं, म्हणून बांधाच्या टोकाची मेलेली बाभळीची फांदी तोडू नको असं दादाला सांगितलंय.

पानाच्या मधल्या देठावर, पानांच्या प्रत्येक जोडीच्या मध्ये, एक बारीक उभी ग्रंथी असते. तिथं मुंग्या चाटत होत्या. फुलात नसलेला गोडवा झाड इथं देतं, आणि मुंग्या त्याबदल्यात पानावरच्या अळ्या-किडे हुसकतात. सगळ्याच नाही. देठाजवळ एक हिरवी अळी होती, अंगावर फिकट पट्टा आणि त्यावर काळे ठिपके. मॉटल्ड एमिग्रंट या पांढरट फुलपाखराची. दादा फवारणीचा पंप आणायला निघाला होता, त्याला थांबवलं. दहा-वीस पानं गेल्यानं या झाडाचं काही बिघडत नाही. तरवडावर औषध मारायची वेळ मी अजून कधी बघितलेली नाही, आणि मारलंच तर पहिला भुंगा मरेल.

२ ऑक्टोबर २०२४

सर्वपित्री. पहाटेच शेतावर गेले. पूर्ण ओळ पिवळी. फुलं खुडताना तुऱ्याच्या खालची चार-दोन राखली, शेंग धरायला. तुरे मोडून न घेता कात्रीनं घेतले, म्हणजे शेंड्याला पुन्हा फुटवा येतो.

अक्कांना टोपलीभर दिली. त्यांनी टोपलीत हात घातला आणि तेलुगूत सुनेला काहीतरी पटपट सांगितलं. सून परात घेऊन धावली. संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेले. पहिला, सगळ्यांत रुंद थर तंगेडूचा. देठ आत, तोंडं बाहेर, एकाला एक लावून. त्यावर रंगवलेला गुनुगु, मग पुन्हा तंगेडू. तरवडाचं फूल तोडल्यावर फार काळ टवटवीत राहत नाही, म्हणून रचायचं काम भरभर. चार बायकांचे आठ हात चालत होते. मला फेरात ओढलं. टाळी चुकली की शेजारची बाई माझं मनगट धरून वळवायची.

वहिनीची परडी वेगळी काढून ठेवली होती. उद्या घटाला पहिली माळ.

१० नोव्हेंबर २०२४

तरवडाबद्दल विचारणारे वाढलेत, त्यातले निम्मे साखरेच्या आजारासाठी. फुलांचा चहा, पंचांगाचं चूर्ण. श्रीलंकेत रणवरा म्हणून हा चहा पितात, तमिळनाडूतही आवारम घरोघरी ओळखीचा. आयुर्वेदात आवर्तकी म्हणून नाव आहे. उंदरांवर रक्तातली साखर उतरल्याचे प्रयोगही झालेत. पण उंदरावरून माणसाची मात्रा ठरत नाही. चालू औषधं बंद करून फुलांच्या चहावर राहणाऱ्याला मी फुलं देत नाही. डॉक्टरांना विचारून या, असं तोंडावर सांगते.

आज नान्नजकडचे एक जण आले. त्यांच्या गावच्या माळावर हजारभर तरवड लावायचे म्हणत होते. उत्साह चांगला, जागा चुकीची. माळढोकासाठी अभयारण्य झालं तो हा भाग. माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे. तिथं पवन्या, कुसळी असं गवत असतं, त्यावर काळवीट चरतं, त्यात चंडोल घरटं करतो. मोकळ्या गवतात झुडपांची रांग उभी राहिली की कोल्ह्या-कुत्र्यांना आडोसा मिळतो आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची नजर अडते. झुडूप देशी असलं म्हणून ते कुठंही चालत नाही. तरवड माळावर आपणहून तुरळक येतो, तेवढाच बरा. लावायचा तर बांधाला, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या कुंपणाला, विहिरीच्या भरावावर. त्यांना पटलं की नाही सांगता येत नाही, पण दोन तास बसले आणि जाताना गावातल्या बांधांची लांबी मोजून येतो म्हणाले.

१५ डिसेंबर २०२४

फुलं ओसरली, शेंगा भरताहेत. छाटणी आता नाही. थंडीत कापलं तर नवा फुटवा उन्हाळ्यात होरपळतो. मे अखेरीला, वळवाचा एखादा पाऊस झाल्यावर, गुडघ्याएवढं राखून कापायचं. तोवर शेंगा काढून होतील. दर वर्षी निम्मीच ओळ कापायची असं दादाशी ठरलं, म्हणजे भुंग्याला फुलांची आणि वहिनीला माळेची आबाळ नको. कापलेला पाला डाळिंबाच्या आळ्यात आच्छादनाला.

शेजाऱ्याशी बोलणं झालं. पाचट पेटवायच्या आदल्या दिवशी तो कळवणार, आणि आम्ही दोघं मिळून बांधाच्या त्याच्या बाजूनं नांगराचं एक तास मारून मोकळी पट्टी काढणार. त्याच्या बायकोनं बांधाच्या त्यांच्या बाजूला लावायला बिया मागितल्यात.